यारीवरची नजर

चाकूरच्या आसपास विहिरींची चौकशी केली तर लोक पाण्याचं नंतर सांगतात, देविदासचं आधी. ही देविदासची विहीर, ती देविदासची. म्हणजे त्याच्या मालकीची नव्हे. त्याच्या नावावर उकिरड्याएवढीही जमीन नव्हती. आणि त्यानं खोदलेलीही नव्हे, खोदणारे हात दुसरेच असत. देविदास वर बसायचा, यारीवर.

यारी म्हणजे विहिरीच्या काठावर रोवलेला लोखंडी सांगाडा. त्याला डिझेलचं इंजिन, जाड तार, तारेच्या टोकाला लोखंडी बकेट. खाली फोडलेला दगड आणि मुरूम त्या बकेटमधून वर यायचा. सकाळी माणसंही त्यातच उभी राहून खाली उतरायची आणि दिवस कलला की त्यातूनच वर यायची. देविदासच्या हातात एक दांडा आणि पायाखाली ब्रेक. बघणाऱ्याला वाटावं, या माणसाला काही कामच नाही, नुसता बसून असतो. पण खाली जो वाकून पहार मारत असतो त्याच्या मानेवर दगडांनी भरलेली बकेट झुलत असते, आणि ती कुठं थांबेल हे त्या बसलेल्या माणसाच्या हातात असतं.

देविदासच्या यारीखाली कुणाच्या नखाला धक्का लागला नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांत जास्त देविदासला माहीत होतं. कुणी त्याच्यादेखत हे बोललं की तो न ऐकल्यासारखं करायचा, इंजिनाकडे बघायचा, पण कानामागची बिडी काढून ती जरा जास्तच वेळ बोटांत फिरवायचा.

इंजिन सुरू झालं की खालची हाक वर येत नसे. म्हणून काठावर एक माणूस लागे. तो खाली बघून खूण करी आणि यारीवाला त्या खुणेवर दांडा ओढी. देविदासचा काठावरचा माणूस म्हणजे त्याची बायको, पंचफुला. हात वर, म्हणजे उचल. हात आडवा, म्हणजे थांब. तळवा खाली, म्हणजे सोड. तिचा चेहरा विहिरीकडे आणि हात त्याच्याकडे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसानं बायकोच्या चेहऱ्यापेक्षा तिचा हातच जास्त पाहिला असेल. हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगटावर चुलीच्या चटक्याची खूण, अंगठ्याचं तुटकं नख. तिचा हात उचलायच्या आधी खांदा जरासा हलतो, हेही त्याला माहीत होतं. त्या हलण्यावरच त्याचा दांडा तयार व्हायचा.

आणि तोंडात बिडी. बकेट खाली निघाली की पेटवायची. धूर डाव्या डोळ्यात जाऊ नये म्हणून तो डोळा बारीक करायचा आणि उजव्यानं हातावर नजर ठेवायचा. गावातली पोरं त्याची नक्कल करायची ती एक डोळा मिटूनच.

बिडी त्याला बहात्तरच्या दुष्काळानं दिली होती. तेव्हा तो मिसरूडही न फुटलेला, रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. तिथला मुकादम एक नियम पाळायचा. बिडी ओढणाऱ्याला बिडी संपेपर्यंत बसायची मुभा. न ओढणारा बसला तर त्याला शिवी. उन्हात तापलेल्या त्या दगडांवर ज्याला घटकाभर टेकायचं असेल त्यानं बिडी शिकायची, दुसरा रस्ता नव्हता. देविदासनं पहिल्या दिवशी खोकून खोकून डोळ्यांतून पाणी काढलं, पण बसला. पुष्कळांच्या घरातून त्या साली पुष्कळ काही गेलं. देविदासच्या घरात ही एक गोष्ट आली ती राहिलीच.

पुढं लातूर जिल्हा झाला. आधी कसल्याही कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागे. एसटी बदलत, धुळीत, जाऊन येईपर्यंत दिवस मोडायचा आणि साहेब भेटायचा नाही. आता लातूर जवळ आलं. नव्या कचेऱ्या, नव्या खुर्च्या, भिंतींचा चुनाही ओला. वस्तीतली माणसं सारखी जाऊन बसली, उठवलं तरी पुन्हा जाऊन बसली, आणि जिल्हा होऊन तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पुन्हा पाऊस दगा देऊन बसलेला असताना, बौद्ध वस्तीसाठी विहीर मंजूर झाली. वस्तीची स्वतःची, पहिली. तोवर गावाच्या विहिरीवर यांच्या बायका घागर घेऊन बाजूला उभ्या राहायच्या आणि कुणी वरून ओतलं तर पाणी. कायदा कधीच बदलला होता, पण रहाटावरची माणसं तीच होती.

चाकूरच्या व्यंकटरावांची यारी आली. यारीवर अर्थातच देविदास. उभ्या मराठवाड्यात दुसऱ्यांच्या विहिरी काढलेला माणूस आपल्या दारात विहीर काढायला बसला, तेव्हा त्याच्या आईनं इंजिनाला हळदकुंकू लावलं नाही, ती नुसती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली.

विहीर दोन परस, म्हणजे हात वर केलेल्या दोन माणसांएवढी, खोल गेली आणि भीमजयंती आली. नांदेडहून भन्तेजी आले होते. त्यांनी पंचशील समजावून सांगितलं, पाचव्या शीलापाशी थांबले. म्हणाले, नशा फक्त बाटलीत नसते. जी वस्तू तुम्हाला तिच्या वेळेला उठवते आणि बसवते, ती तुमची मालक. मग विचारलं, आज कोण मालक सोडतो? दारूवाले मान खाली घालून बसले. कुणी उठेना. आणि देविदास उठला.

का उठला, हे त्याला स्वतःला नीट सांगता आलं नसतं. त्या साली त्याची छाती फुगलेली होती. स्वतःच्या दारात विहीर होत होती. त्यानं कानामागची बिडी काढली, खिशातला कट्टा काढला, दोन्ही पायाखाली चुरडले आणि सगळ्या वस्तीसमोर म्हणाला, "आपल्या हिरीचं पाणी मी बिडीच्या तोंडानं पिणार न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंचफुलानं वाजवल्या नाहीत. ती त्याच्या बोटांकडे बघत होती. ती बोटं रिकामी असताना तिनं फारशी पाहिली नव्हती.

पहिला दिवस उत्साहात गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात कानामागं जाऊ लागला. काही नाही तिथं, हे कळायला हाताला पुन्हा पुन्हा तिथवर जावं लागे. भूक वाढली, झोप तुटली. इंजिनानं एक ठसका दिला तरी तो शिव्या घालायचा. पंचफुलाला म्हणाला, "हात नीट वर कर की, काय झुरळ झटकायलीस का?" हात तसाच तर करत होती, वर्षानुवर्षं करत आलेली तसाच.

पण खरी गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. त्याचं मन दांड्यावर राहत नव्हतं. तो पंचफुलाच्या हाताकडे बघायचा आणि मध्येच कुठंतरी जाऊन यायचा. झोप नव्हे, डोळे उघडे, ऊन दिसतंय, इंजिनाचा आवाज ऐकू येतोय. पण आतलं कुणीतरी उठून बाहेर गेलेलं असायचं. क्षणभरच. परत आलं की हात वर असायचा आणि तो दचकून दांडा ओढायचा. बकेटला हिसका बसायचा. याआधी त्याच्या बकेटला हिसका माहीत नव्हता. भरलेल्या घागरीसारखी ती उचलली जायची, तार आधी ताणून घ्यायची, पीळ सुटू द्यायचा आणि मग वर.

खालून चंद्रप्पानं एकदा विचारलंही. चंद्रप्पा बिलोलीकडचा दगडफोड्या, मराठी बोलता बोलता तेलुगूत घसरणारा, देविदासच्या यारीखाली कितीक विहिरी उतरलेला. संध्याकाळी बकेटमधून बाहेर पाय टाकत तो म्हणाला, "उस्ताद, आज यारी लई नाचून राहिली. लगीन हाय का कुणाचं?"

"तार नवी हाय," देविदास म्हणाला.

तार जुनीच होती. चंद्रप्पाला ते माहीत होतं. पण उस्तादाला खोटं पाडायचं कसं, म्हणून तो हसला.

ते घडलं त्या दिवशी ऊन पांढरं झालं होतं. विहीर पाच परस गेली होती, काळा दगड लागला होता. बकेट भरून वर निघाली. अर्ध्यावर आली तेव्हा पंचफुलाला दिसलं, वरचा एक दगड कलंडलाय, बकेटच्या कडेवर आलाय. तिनं हात आडवा केला.

देविदास त्या हाताकडे बघत होता. अगदी थेट बघत होता. बांगड्या हिरव्या होत्या, हात आडवा होता, आणि ते त्याला दिसलं नाही.

बकेट वर येत राहिली. पंचफुला ओरडली, तिचं ओरडणं इंजिनात बुडालं. ती दोन्ही हात आडवे करून त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा! काम चालू असताना तिचा चेहरा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. त्या चेहऱ्यानं तो जागा झाला, ब्रेक दाबला, हिसक्यानं इंजिन बंद पडलं, बकेट काठाच्या दगडाला घासून थांबली आणि तो कलंडलेला दगड निघाला.

खालून फुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

मग चंद्रप्पाची शिवी आली, लांबलचक, अर्धी तेलुगूत, आणि ती शिवी ऐकून काठावरच्या सगळ्यांचा श्वास सुटला. दगड त्याच्या पाण्याच्या मडक्यावर पडला होता. मडकं त्याच्या पायाशी होतं. मडक्यातलं पाणी घटाघटा पिऊन तो नुकताच पहारीकडे वळला होता.

काठावरून सोडलेल्या दोरानं चंद्रप्पा वर आला. अंगावर चिखलाचे शिंतोडे. देविदास यारीवर तसाच बसून होता, दोन्ही हात दांड्यावर. चंद्रप्पानं आपल्या मुंडाशातून बिडी काढली, पेटवली, एक झुरका घेतला आणि ती देविदाससमोर धरली.

"घे, अन्ना. वढ."

वस्तीतल्या बायका घागरी घेऊन जमल्या होत्या, म्हातारे जमले होते. जयंतीला टाळ्या वाजवणारे सगळे तिथं होते.

व्यंकटराव सावलीतून उठून आले. "अरे वढ की, देविदास. शपथ वाहिली ती चांगलंच केलास, पण पाणी लागल्यावर सोड. मला तुझी बिडी परवडती, मेलेला माणूस न्हाई परवडत."

देविदासनं बिडी हातात घेतली. तिचा वास त्याच्या नाकात गेला आणि अंगातला प्रत्येक सांधा तिच्याकडे वळला. एक झुरका. मग तो पुन्हा पूर्वीचा देविदास झाला असता, हे त्याला आतून पक्कं ठाऊक होतं. डावा डोळा बारीक, उजवा हातावर, आणि बकेट घागरीसारखी. आणि हेच त्याला झोंबलं. इतकी वर्षं लोक म्हणत होते, देविदासची नजर. ती नजर त्याची होती की या पानाच्या सुरळीची? ज्याचा अभिमान धरून तो चाकूरच्या बाजारात ताठ चालत होता, ते त्याचं नव्हतंच की काय?

वढली तर शपथ गेली. न वढता बसला तर आज मडकं गेलं, उद्या चंद्रप्पा.

बिडी बोटांत जळत आली. चटका बसला तेव्हा त्यानं ती खाली टाकली आणि यारीवरून खाली उतरला.

"फुले," तो म्हणाला, "वर बस."

पंचफुलाला आधी कळलंच नाही. व्यंकटरावांना कळलं. "येड लागलं का? बाईमाणसाच्या हातात यारी?"

"मालक, आजपस्तोर तिच्याच हातात व्हती. तिनं हात केला की मी दांडा वढायचो, मी दुसरं काय केलं?"

"आन् पाडला म्हंजी दगड कुणाच्या डोक्यात?"

"माझ्या," देविदास म्हणाला. "खाली मी जातो. पयली बकेट माझी."

पंचफुला त्याच्याजवळ आली. लोकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "अवो, माझा हात थरथरायलाय."

"थरथरू दे. ब्रेकवरचा पाय तेवढा थरथरू देऊ नको. तार ताणली का आधी बघायचं, मग उचलायचं. तुला म्या काय सांगायचं? इतकी वर्षं समोरून तूच बघत आलीस."

राहिला काठावरचा माणूस. खूण कोण करणार? तेव्हा काठी टेकत कोंडाबाई पुढं झाली. ही पंचफुलाची आई, आणि देविदासची मामी, कारण त्यानं मामाचीच मुलगी केली होती. नवरा गेल्यापासून ती बिलोली सोडून लेकीकडेच राहायला आलेली. "सरका," ती म्हणाली. "गुडघे गेलेत माझे, डोळे न्हाई गेले."

देविदास बकेटमध्ये उभा राहिला. चंद्रप्पा त्याच्या शेजारी चढला. देविदास म्हणाला, "तू राहा वर." चंद्रप्पा म्हणाला, "तू मारायलास तवा बी मी खालीच व्हतो, आता बाई मारंल." आणि पंचफुलाला हाक दिली, "सोड, वैनी! सांभाळून, तुझा नवरा जड हाय!"

बकेट सुटली. एक हिसका बसला, मग दुसरा छोटा, मग हिसका नव्हता. काळ्या भिंती वर सरकू लागल्या. देविदास कितीतरी वर्षांनी विहिरीत उतरत होता. वर आभाळाचं वाटोळं उरलं, मग ते लहान होत गेलं, आणि त्याच्या कडेला कोंडाबाईची काठी दिसत राहिली. तेव्हा त्याला कळलं, खालची माणसं वर बघतात ती आभाळाकडे नव्हे. ती तारेकडे बघतात. इतकी वर्षं ही सगळी माणसं तारेकडे बघत त्याला बघत होती, आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं.

खाली पहार मारणं बरं होतं. मन सुटलं तरी पहार सुटत नव्हती. हात भरून येत, अंगातून घाम निघे, तलफ उसळे आणि दगडावर आपटून फुटे. बकेट वर जाताना मात्र तो थांबून बघायचा. पंचफुला तार हलकेच ताणायची, पीळ सुटू द्यायची आणि बकेट घागरीसारखी उचलायची. ही उचल त्याची होती. पंचफुलानं ती त्याच्याकडूनच घेतली होती, न सांगता, समोर उभं राहून.

संध्याकाळी घरी बसल्यावर तो कोंडाबाईला म्हणाला, "मामी, ध्यान गेलं माझं. बिडीतच व्हतं ते, बिडीसंगं गेलं."

कोंडाबाई हसली. तरुणपणी तीही ओढायची, बिलोलीकडच्या बायका ओढतात तसा तंबाखूच्या पानाचा चुट्टा, जळतं टोक तोंडात धरून. छप्पन्नच्या दीक्षेनंतर काही वर्षांनी तिनं तो सोडला होता.

"म्या चुट्टा सोडला तवा काय झालं, तुझ्या मामाला इचारायला पायजे व्हतं. कालवणात मीठ दोनदा. भाकर तव्यावर टाकायची आन् इसरायची. एकदा तर ह्या फुलीला पाळण्यात ठिवून पाळणा समजून सूप हालवत बसले. सासू म्हणाली, येडी झाली. पर म्हैना-दीड म्हैन्यानं आलं माघारी. ध्यान गेलं न्हाई तुझं, जावई. रुसून बसलंय. त्याला वाटायलंय तू हाक मारशील, चुट्टा घिऊन."

"आन् म्या हाक न्हाई मारली तर?"

"तर भूक लागल्यावर येतंय की आपल्या पायानं. रुसल्यालं पोरगं कुठं जातंय?"

"पर आलं का न्हाई, कसं कळायचं? चंद्रप्पाच्या डोक्यावर दगड टाकून बघू?"

कोंडाबाईनं उठून सूप आणलं आणि त्याच्यासमोर जवारी ओतली. रेशनची जवारी, जिच्यात दाण्याइतकेच खडे असायचे, दाण्याच्याच रंगाचे. "निवड," ती म्हणाली. "रोज सांजच्याला. म्या हाच उपाय केलता. दळण गिरणीत न्हाई, घरच्या जात्यावर. गिरणीत दुसऱ्याचं पीठ मिसळतंय, खडा कुणाचा कळत न्हाई. तुझी जवारी, तुझी भाकर, तूच खायची. दात सांगतील."

ही गोष्ट वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. यारीचा उस्ताद अंगणात मांडी घालून जवारी निवडतोय! पाणवठ्यावरून येणाऱ्या बायका मुद्दाम त्याच्या दारावरून जाऊ लागल्या. "अवो देविदासभाऊ, आमचं बी सूप ठिवू का?" "हळदीला येताव का, पाच जणी कमी पडायल्यात!" चंद्रप्पा तर समोर येऊन बसायचा आणि बिडी मागं लपवून म्हणायचा, "उस्ताद, ह्यो खडा राहिला. न्हाई न्हाई, दाणा हाय. न्हाई, खडाच हाय." देविदास वर बघायचा नाही. पूर्वीचा देविदास असता तर उठून अंगावर गेला असता. हा देविदास पुन्हा पहिल्या दाण्यापासून निवडायला सुरुवात करायचा.

भाकर कचकचायची. सुरुवातीला तर घास गिळवेना. पंचफुला समोर जेवायला बसायची, तिच्या ताटात तिनं निवडलेल्या जवारीची भाकर. त्याच्या दातांचा आवाज ऐकून तिला हसू यायचं, ती पदर तोंडाशी धरायची. तिच्या तळहाताला दांड्यानं घट्टे पडले होते. जेवण झाल्यावर तो तेल कोमट करून तिच्यापुढं ठेवायचा.

तलफ गेली नव्हती. ती कमी व्हायची आणि मग भलत्याच वेळी, लांबून डिझेलचा वास आला की परत यायची. पण निवडताना आता दाणे वेगवेगळे दिसू लागले होते. आधी सुपात नुसता एक पिवळट ढीग दिसायचा. आता प्रत्येक दाण्याला त्याचं टोक होतं, काळा ठिपका होता, आणि खडा आला की बोट आपोआप थांबायचं. मन बाहेर जाऊन यायचं तेही कमी झालं. गेलं तरी, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं.

आणि एका सकाळी तो भाकरीचा शेवटचा तुकडा खाऊन थांबला. पुन्हा जीभ दातांवरून फिरवली. कोंडाबाई चुलीपाशी बसली होती.

"मामी," तो म्हणाला, "तुमी निवडली का रात्री चोरून?"

"माझ्या मेल्या नवऱ्याची आण, हात न्हाई लावला."

पंचफुलानं त्याच्या ताटातला चुरा उचलून तोंडात टाकला, चावला. सावकाश, सगळ्या दाढांनी. मग उठली, हात धुतले, विहिरीवर गेली, इंजिन सुरू केलं आणि यारीजवळ बाजूला उभी राहून म्हणाली, "बसा."

देविदास बसला. दांडा त्याच्या हाताला ओळखीचा वाटला आणि थोडा नवाही. पंचफुलाच्या घामानं तो गुळगुळीत झाला होता. ती काठावर गेली, विहिरीवर वाकली. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. बांगड्या. चटक्याची खूण. अंगठ्याचं तुटकं नख. तिचा खांदा हलला, आणि हात वर व्हायच्या आधीच त्याचा दांडा तयार झाला. बकेट उचलली गेली, घागरीसारखी. खालून चंद्रप्पाची शीळ आली. तोंडात काही नव्हतं, डावा डोळा उघडा होता. दोन्ही डोळ्यांनी तो पहिल्यांदाच यारी चालवत होता. ही नजर त्याची होती. कुणाकडून मागून आणलेली नव्हती.

दिवसभर त्यानं चालवली. संध्याकाळी खाली उतरला आणि पंचफुलाला म्हणाला, "उद्या तू."

"का? आलं न्हवं तुमचं ध्यान?"

"माझं आलं. तुझं का जावं?"

पाणी लागलं तेव्हा यारीवर पंचफुला होती. रोहिण्या कोरड्या गेल्या होत्या, मिरग तोंडावर होता आणि व्यंकटराव यारी हलवायची घाई करत होते. खाली देविदास आणि चंद्रप्पा. पहार एका भेगेत शिरली आणि निघताना ओली निघाली. मग भेगेतून पाणी आलं, गढूळ, बारीक, नुकतंच जागं झाल्यासारखं. चंद्रप्पा तेलुगूत काहीतरी ओरडला. देविदासनं ओंजळ धरली. मग थांबला, ओंजळ सोडून दिली आणि बकेट भरली. वर कोंडाबाईनं काठी उंच केली, आणि पंचफुलानं विहिरीतलं पहिलं पाणी उचललं. ती उचलताना एक थेंब सांडला नाही असं वस्तीत आजही सांगतात. तो सांडला असणारच. पण सांगणाऱ्याला कुणी अडवत नाही.

देविदास नंतर वर आला. सगळी वस्ती जमली होती. त्याच्या आईनं वाटीत पाणी काढून ठेवलं होतं, माती खाली बसावी म्हणून. त्यानं वाटी तोंडाला लावली आणि सगळ्यांसमोर, बिडी नसलेल्या तोंडानं, ते पाणी प्याला. चव मातीचीच होती. पण ती चव त्याला पूर्ण लागली; इतक्या वर्षांच्या धुरात पाण्याला चव असते हे तो विसरला होता.

व्यंकटराव खुशीत होते. त्यांनी यारीच्या सांगाड्यावर थाप मारली. "देविदास, परवा बिलोलीकडं यारी चालली. मोठं काम हाय. ऑपरेटर कोण, तू का तुझी बायको? एकच नाव सांग, गुत्तेदाराला कळवायचंय."

देविदासनं पंचफुलाकडे पाहिलं. ती हात पुसत होती, चेहरा त्याच्याकडे.

"दोघं येताव, मालक," तो म्हणाला. "मामीला बी घिऊन, तिचं गाव हाय ते. सूप आन् जातं बी गाडीत टाकताव. यारीवर कोण बसंल ते रोज सकाळी भाकर सांगंल."